टेकमधून प्रिंटरचे अंगभूत फॉन्ट: अक्षरे चढतात, गळतात, बदलतात तेव्हा काय तपासावे

पडद्यावर पान नीट दिसते. कागदावर मात्र टाइम्सऐवजी कुरियर उमटतो आणि अक्षरे एकमेकांवर चढलेली असतात. किंवा एफ-आय ही जोडी जिथे जिथे असेल तिथे ब्रिटिश पाउंडचे चिन्ह येते. किंवा फ्रेंच नावांतली स्वरचिन्हे लागलेली अक्षरे गायब होतात. एकदा दुरुस्त केलेला दोष टेक लाइव्हची (टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणि तिची साधने एकत्र देणारा संच) पुढच्या वर्षीची आवृत्ती घातली की पुन्हा हजर होतो. यामागची कारणे मोजकी आहेत आणि प्रत्येक कारणाची खूण कागदावर वेगळी उमटते. ती खूण ओळखता आली की अंदाजाने सेटिंग बदलत बसावे लागत नाही.

आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत द्यायची. सारे विवेचन पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी भाषा) समजणारा प्रिंटर, टेकवर उभे असलेले लॅटेक आणि टेकच्या आउटपुटचे पोस्टस्क्रिप्ट करणारा डीव्हीआयपीएस या साखळीचे आहे. पीसीएल या एचपीच्या प्रिंटर-भाषेविषयी पुढे थोडे आहे.

दोष कुठे राहतो

अक्षराचा आकार टेकला ठाऊकच नसतो. टीएफएम फाइलीतून त्याला रुंदी, उंची, खोली, कर्निंग (जोडीतले अंतर) आणि लिगेचर (एफ-आयसारखी जोडून काढलेली अक्षरे) एवढेच कळते आणि त्या आकड्यांवर तो ओळी जुळवतो. आकार असतात प्रिंटरच्या रॉममध्ये. दोघांच्या मध्ये डीव्हीआयपीएस असतो. टेक ज्याला पीटीएमआर८आर म्हणतो त्याला प्रिंटर टाइम्स-रोमन म्हणतो, हे त्याला पीएसफॉन्ट्स डॉट मॅप या फाइलीतून कळते. म्हणजे तीन गोष्टींवर दोन्ही बाजूंचे एकमत लागते: फॉन्टचे नाव, प्रत्येक अक्षराचा क्रमांक आणि प्रत्येक अक्षराची रुंदी. नाव चुकले तर सगळा फॉन्ट बदलतो. क्रमांक चुकला तर काही ठरावीक अक्षरे बदलतात किंवा गळतात. रुंदी चुकली तर अक्षरे बरोबर असतात, पण ओळीची वीण बिघडते. कागद हातात घेऊन आधी या तिघांतला प्रकार ठरवावा.

त्याआधी: प्रिंटरचा फॉन्ट खरोखर वापरला जातो आहे का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. टेक लाइव्हमध्ये आज डीव्हीआयपीएसडाउनलोडबेस३५ हा पर्याय ट्रू असतो. त्यामुळे टाइम्स मागितला तरी डीव्हीआयपीएस युआरडब्ल्यू या कंपनीचा निम्बस रोमन पोस्टस्क्रिप्ट फाइलीत भरून पाठवतो. निम्बसच्या रुंद्या टाइम्सबरहुकूम असल्याने ओळी तशाच पडतात, आकार तेवढे किंचित वेगळे. तयार झालेली पीएस फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून ‘बिगिनफॉन्ट’ शब्द शोधा. त्यापुढे निम्बसचे नाव असेल तर फॉन्ट फाइलीतून चालला आहे आणि प्रिंटरच्या रॉमला कुणी विचारलेलेही नाही. ‘डॉक्युमेंटफॉन्ट्स’ या ओळीत टाइम्स-रोमन आहे, पण बिगिनफॉन्ट कुठेच नाही, तर प्रिंटरचा फॉन्ट मागितला आहे.

दुसरी आडकाठी कप्स या छपाई-व्यवस्थेची. लिनक्सवर नेहमीच्या रांगेतून पीएस फाइल छापायला दिली की अनेक ठिकाणी ती आधी घोस्टस्क्रिप्ट या पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या प्रोग्रॅममधून पीडीएफ होते आणि मग प्रिंटरकडे जाते. घोस्टस्क्रिप्ट स्वतःकडचे युआरडब्ल्यू फॉन्ट घालून मोकळा होतो. अशा छपाईवरून प्रिंटरच्या फॉन्टबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये. चाचणीपुरती फाइल जशीच्या तशी पाठवा: एलपी आज्ञेला ‘-ओ रॉ’ हा पर्याय द्या, किंवा नेटवर्क प्रिंटर असेल तर नेटकॅटने सरळ ९१०० या पोर्टवर सोडा.

प्रिंटरचे फॉन्ट मुद्दाम वापरायचे असतील तर सगळी सेटिंग बदलायची गरज नाही. डीव्हीआयपीएसला ‘-पी बिल्टइन३५’ दिले की त्या एका कामापुरते ३५ प्रमाण फॉन्ट (त्यांची यादी पुढे आहे) प्रिंटरमधले धरले जातात. ‘-पी डाउनलोड३५’ दिले की ते फाइलीत भरले जातात. दोन्हींनी एकच पान छापून शेजारी ठेवा. दोष फक्त पहिल्या कागदावर असेल तर तो प्रिंटरच्या बाजूला आहे. दोन्हींवर असेल तर टीएफएम, व्हर्च्युअल फॉन्ट (एका फॉन्टची अक्षरे दुसऱ्याच्या अक्षरांवर नेणारी फाइल) किंवा एन्कोडिंगमध्ये (कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर, ही यादी). पुढचा अर्धा शोध इथेच वाचतो.

प्रिंटरमध्ये नेमके काय आहे

१९८५च्या ॲपल लेझररायटरमध्ये १३ फॉन्ट होते: टाइम्स, हेल्वेटिका आणि कुरियर यांचे प्रत्येकी चार, शिवाय सिम्बल. लेझररायटर प्लसने ही संख्या ३५ केली. त्यात अव्हां गार्ड, बुकमन, न्यू सेंच्युरी स्कूलबुक, पॅलॅटिनो आणि हेल्वेटिका नॅरो यांचे चार-चार, झाफ चॅन्सरीचा एक आणि झाफ डिंगबॅट्स एवढे आले. हाच ३५चा संच पुढे प्रमाण झाला आणि लॅटेकमधला पीएसएनएफएसएस हा फॉन्ट-पॅकेजांचा संच त्यावरच उभा आहे. ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट ३ बरोबर १३६ फॉन्टांचा संच आला, त्यात युनिव्हर्स, ऑप्टिमा, गिल सॅन्स, स्टेम्पेल गॅरामाँड अशी घराणी आहेत.

प्रिंटरच्या खोक्यावर ‘पोस्टस्क्रिप्ट’ लिहिले आहे म्हणजे हे सगळे आत आहे असे नाही. अनेक स्वस्त यंत्रांत पोस्टस्क्रिप्टचे अनुकरण असते आणि फॉन्टही त्याच मापाचे, पण दुसऱ्यांनी काढलेले असतात. म्हणून यादी छापून घ्या. एचपीच्या बहुतेक लेझरजेटवर पॅनेलच्या माहिती किंवा रिपोर्ट मेनूत ‘पीएस फॉन्ट लिस्ट’ असते. शेजारची ‘पीसीएल फॉन्ट लिस्ट’ वेगळी. ती पाहून पोस्टस्क्रिप्टची नावे ठरवू नयेत. मेनू नसेल तर पोस्टस्क्रिप्ट लेव्हल २ पासून पुढच्या यंत्राला ‘फॉन्ट’ या वर्गावर रिसोर्सफॉरऑल ही क्रिया चालवायला सांगणारी दोन ओळींची फाइल पाठवा. नावे कागदावर येत नाहीत, जोडणीतून परत येतात. नेटकॅटने पाठवले असेल तर टर्मिनलवर दिसतात.

सगळा मजकूर कुरियरमध्ये आणि अक्षरे आदळलेली

हा नावाचा दोष, आणि त्याची खूण चुकत नाही. मागितलेला फॉन्ट सापडला नाही की प्रिंटर कुरियर लावतो. पण डीव्हीआयपीएस अक्षरांच्या रुंद्या टीएफएममधून घेऊन स्वतः पाठवतो, त्यामुळे कुरियरची अक्षरे टाइम्सच्या जागेत कोंबली जातात. फॉन्टच्या आकाराएवढे माप म्हणजे १००० एकके धरून टाइम्स-रोमनमधल्या आय, एल आणि टी यांना २७८ एकके मिळतात, कुरियरचे प्रत्येक अक्षर ६०० एककांचे. म्हणून आय-एलच्या आसपास अक्षरे एकमेकांवर चढतात, आणि ७७८ एककांच्या लहान एम या अक्षराभोवती मात्र पोकळी राहते. हे दृश्य दिसले की एन्कोडिंगकडे वळूही नका.

नावात लहान-मोठी लिपी, आडवी रेघ, सगळे काटेकोर लागते. मधे जागा चालत नाही. नेहमीच्या चुका अशा. ‘टाइम्स’ नावाचा फॉन्ट प्रिंटरमध्ये नसतो, ‘टाइम्स-रोमन’ असतो. उलट हेल्वेटिका आणि कुरियर यांच्या साध्या वळणाला पुढे काहीच लागत नाही. तिरक्या वळणाला टाइम्समध्ये ‘इटॅलिक’ म्हणतात, हेल्वेटिका आणि कुरियरमध्ये ‘ऑब्लीक’. पॅलॅटिनोच्या मागे ‘रोमन’ लागते, अव्हां गार्डच्या मागे ‘बुक’, बुकमनच्या मागे ‘लाइट’. न्यू सेंच्युरी स्कूलबुकच्या नावात ‘स्कूलबुक’ हा शब्द अक्षरे गाळून आखूड केलेला आहे, तो पूर्ण लिहिला की फॉन्ट सापडत नाही. सर्वांत खात्रीचे नाव एएफएम या फॉन्टच्या मापांच्या फाइलीतल्या ‘फॉन्टनेम’ ओळीतले. ते प्रिंटरच्या यादीशी अक्षरन् अक्षर जुळवा आणि मॅपमध्ये तेच ठेवा.

हेल्वेटिका नॅरो पहिल्या १३ फॉन्टांत नव्हता. ज्या यंत्रात तो नाही तिथे मॅपमध्ये साध्या हेल्वेटिकाला ०.८२ एक्स्टेंडफॉन्ट (रुंदी तेवढ्या पट करणारी सूचना) लावले की तोच परिणाम मिळतो.

एफ-आयच्या जागी पाउंड

हा दोष सर्वांत गोंधळात पाडतो, कारण बाकीचा मजकूर अगदी स्वच्छ असतो. कारण एकच: डीव्हीआयपीएसचा ‘जी’ पर्याय, जो ‘-पी पीडीएफ’ दिल्यावर आपोआप चालू होतो. जुने काही पीडीएफ वाचक ० ते ३२ क्रमांकांची अक्षरे नीट दाखवत नसत, म्हणून हा पर्याय ती अक्षरे वरच्या क्रमांकांवर सरकवतो: ० ते ९ ही १६१ ते १७० वर जातात. टेकच्या नेहमीच्या कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टांच्या पोस्टस्क्रिप्ट रूपांमध्ये वरच्या जागी तीच अक्षरे पुन्हा ठेवलेली आहेत, तिथे हे बिनबोभाट चालते. पीटीएमआर८आरसारख्या फॉन्टांच्या ८आर एन्कोडिंगमध्ये तशी सोय नाही. तिथे एफ-आय लिगेचर क्रमांक २ वर आहे. ते १६३ वर सरकते आणि ८आरमध्ये १६३ म्हणजे पाउंड. एफ-एल ३ वर आहे, ते १६४ वर जाऊन चलनाचे सर्वसाधारण चिन्ह होते.

उपाय: आज्ञेत ‘-जी०’ जोडा, आणि ते ‘-पी पीडीएफ’च्या नंतर येऊ द्या. कायमचे हवे असेल तर स्थानिक कॉन्फिग फाइलीत जी० लिहा. मजकुरात एफ आणि आय यांच्या मध्ये रिकामे कंस घालून लिगेचर तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. दोष तसाच राहतो आणि लिखाण विद्रूप होते.

काही अक्षरे गळतात

एएफएम फाइलीत प्रत्येक अक्षराच्या ओळीवर ‘सी’ पुढे क्रमांक असतो. ॲडोबीच्या स्टँडर्ड एन्कोडिंगमध्ये १४९ अक्षरांनाच क्रमांक आहे. बाकीच्यांपुढे उणे १ असते: अक्षर फॉन्टमध्ये आहे, पण त्याला हाक मारायला क्रमांक नाही. स्वरचिन्हे लागलेली सगळी युरोपीय अक्षरे या दुसऱ्या गटात येतात. म्हणून फॉन्टची एन्कोडिंग बदलून द्यावी लागते आणि ते काम मॅपच्या ओळीतले ‘टेकबेस१एन्कोडिंग रीएन्कोडफॉन्ट’ हे शब्द व ८आर डॉट ईएनसी फाइल करतात. पीटीएमआर८आरच्या ओळीत हे दोन्ही हवेत. ईएनसी फाइलीचे नाव असून अवतरणातले शब्द राहिले तर नेमकी ही अक्षरे गळतात आणि साधी रोमन अक्षरे मात्र ठीक येतात.

एएफएम नवी आणि प्रिंटर जुना, हे दुसरे कारण. जुन्या रॉममधल्या या फॉन्टांत २२८ अक्षरे होती. आज मिळणाऱ्या ॲडोबीच्या मूळ फॉन्टांच्या एएफएममध्ये ३१५ आहेत, युरो त्यांतलाच. जे रॉममध्ये नाही त्याला रुंदी मिळते, आकार मिळत नाही. कागदावर अचूक मापाची रिकामी जागा दिसते. एन्कोडिंग कितीही बदलली तरी हे सुटत नाही. तेवढ्या दस्तऐवजापुरते ‘-पी डाउनलोड३५’ वापरा.

लिगेचरबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: टाइम्स, हेल्वेटिका वगैरेंमध्ये एफ-आय आणि एफ-एल ही दोनच लिगेचर आहेत. कॉम्प्युटर मॉडर्नमधल्या एफ-एफ, एफ-एफ-आय आणि एफ-एफ-एल यांची सवय झालेल्यांना ती गळाल्यासारखी वाटतात. ती मुळातच नाहीत.

गणितातली ग्रीक अक्षरे गळाली तर सिम्बल फॉन्टची ओळ पाहा. सिम्बलची एन्कोडिंग त्याची स्वतःची असते. त्याला ८आर लावले की अल्फा, बीटा या नावांना त्या यादीत जागाच उरत नाही. पीएसवायआरच्या ओळीत फक्त ‘सिम्बल’ हवे. तिरका सिम्बल हवा असेल तर पीएसवायआरओला ०.१६७ स्लँटफॉन्ट, पण रीएन्कोडफॉन्ट नाही. गणितासाठी मॅथपीटीएमएक्स पॅकेज वापरले की हे सगळे जागेवर असते. नुसते टाइम्स पॅकेज गणिताला हात लावत नाही.

‘एमकेटेकपीके’ फॉन्ट बनवायला निघतो

डीव्हीआयपीएस चालवल्यावर एमकेटेकपीके पीटीएमआर८आरचा बिटमॅप बनवायचा प्रयत्न करतो, मेटाफॉन्ट फाइल नाही म्हणून थांबतो आणि फोल्डरमध्ये मिसफॉन्ट डॉट लॉग उरतो. याचा अर्थ मॅपमध्ये त्या नावाची ओळ नाही, एवढाच. बिटमॅपच्या मागे लागू नका. ‘केपीएसईविच पीएसफॉन्ट्स डॉट मॅप’ चालवा (केपीएसईविच कोणती फाइल वाचली जाते ते सांगतो) आणि जी वाट दिसेल तीच फाइल उघडून ओळ आहे का पाहा. पुष्कळदा ओळ असते, पण दुसऱ्याच फाइलीत.

दर वर्षी परत येणारा दोष

याला खरे तर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, कारण वरच्या सगळ्या दुरुस्त्या इथे वाहून जातात.

मॅप फाइल अपडीमॅप तयार करतो. २०१७पासून त्याची दोन रूपे वेगळी झाली: अपडीमॅप-सिस सगळ्या यंत्रासाठी आणि अपडीमॅप-युजर एका वापरकर्त्यासाठी. एकदा जरी अपडीमॅप-युजर चालवला, तरी होम फोल्डरातल्या डॉट टेकलाइव्ह आणि पुढे वर्ष अशा नावाच्या फोल्डरमध्ये खासगी मॅप तयार होते. त्यानंतर डीव्हीआयपीएस तीच वाचतो. अपडीमॅप-सिसने केलेला कोणताही बदल मग त्या वापरकर्त्याला दिसत नाही. एकाच यंत्रावर एकाची छपाई नीट आणि दुसऱ्याची बिघडलेली असेल तर हेच समजावे. त्या फोल्डरातली टेक्समएफ-व्हारमधली पीएसफॉन्ट्स डॉट मॅप आणि तिच्या जोडीच्या मॅप फाइली काढून टाका, टेक्समएफ-कॉन्फिगमधली अपडीमॅप डॉट सीएफजी असेल तर तीही. मग केपीएसईविच पुन्हा चालवून वाट बदलली याची खात्री करा.

आता वर्षाचा मुद्दा. अपडीमॅप-सिसला सेटऑप्शनने दिलेले पर्याय त्या त्या वर्षाच्या टेक लाइव्हच्या फोल्डरात लिहिले जातात. नवी आवृत्ती नव्या फोल्डरात येते आणि जुने पर्याय मागे राहतात. डीव्हीआयपीएसडाउनलोडबेस३५ पुन्हा ट्रू होतो, स्वतः घातलेल्या मॅपच्या ओळी नाहीशा होतात.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे सगळे टेक्समएफ-लोकलमध्ये ठेवणे. हे फोल्डर वर्षाच्या बाहेर असते आणि आवृत्ती बदलली तरी तसेच राहते. त्यात वेबटूसी नावाच्या उपफोल्डरात अपडीमॅप डॉट सीएफजी करा आणि हवा तो पर्याय व ‘मॅप’ शब्दापुढे आपल्या मॅप फाइलीचे नाव लिहा. टीएफएम, व्हीएफ (व्हर्च्युअल फॉन्ट), मॅप आणि एफडी (लॅटेकला फॉन्टची ओळख देणाऱ्या) फाइलीही याच झाडात ज्याच्या त्याच्या जागी ठेवा. नवी आवृत्ती घातल्यावर एमकेटेक्सएलएसआर (फाइलींची यादी ताजी करणारी आज्ञा) आणि अपडीमॅप-सिस एकेकदा चालवले की काम झाले. टेक लाइव्हने दिलेल्या मूळ मॅप फाइलीत हाताने ओळ घालणे मात्र कटाक्षाने टाळा. पुढच्या अपडीमॅपच्या फेरीत ती पुसली जाते.

‘चेकसम मिसमॅच’ हा इशाराही याच घरचा. टेकने ओळी जुळवताना वाचलेली टीएफएम आणि डीव्हीआयपीएसने पाहिलेली फाइल वेगवेगळ्या पिढ्यांच्या आहेत, एवढे तो सांगतो. लॅटेक पुन्हा चालवून इशारा गेला नाही तर एकाच नावाच्या दोन टीएफएम झाडात आहेत. केपीएसईविचला ‘-ऑल’ देऊन दोन्ही वाटा पाहा आणि जुनी काढा.

३५च्या बाहेरचा फॉन्ट: युनिव्हर्स

प्रिंटरच्या यादीत युनिव्हर्स आहे, पण लॅटेकला त्याची काहीच माहिती नाही, अशी स्थिती धरू. फॉन्टची फाइल लागत नाही, फक्त एएफएम लागते, आणि ती त्याच फॉन्टची लागते. ॲडोबीने १३६ फॉन्टांच्या एएफएम उपलब्ध केल्या होत्या. दुसऱ्या कंपनीच्या युनिव्हर्सची एएफएम चालवून घेऊ नका. नाव जुळले तरी रुंद्या जुळतील असे नसते. डीव्हीआयपीएस चुकीच्या रुंद्याच लादतो, त्यामुळे काही अक्षरांभोवती फट आणि काही एकमेकांना चिकटलेली असा कागद येतो, आणि तो दोष सहजी लक्षात येत नाही.

कार्ल बेरींच्या नामपद्धतीप्रमाणे एएफएमला पीयूएनआर८ए नाव द्या: पी म्हणजे ॲडोबी, यूएन म्हणजे युनिव्हर्स, आर म्हणजे साधे वळण, ८ए म्हणजे स्टँडर्ड एन्कोडिंग. मग एएफएमटूटीएफएम चालवा. हे साधन तोमाश रोकिकी यांचे आहे आणि डीव्हीआयपीएसबरोबरच येते. त्याला ‘-पी’ पुढे ८आर डॉट ईएनसी (प्रिंटरकडची एन्कोडिंग), ‘-टी’ पुढे ईसी डॉट ईएनसी (टेककडची), ‘-व्ही’ पुढे पीयूएनआर८टी डॉट व्हीपीएल आणि शेवटी पीयूएनआर८आर डॉट टीएफएम द्या. ‘-पी’ आणि ‘-टी’ लहान लिपीत हवेत. मोठ्या लिपीतला ‘-टी’ दोन्ही बाजूंना एकच एन्कोडिंग लावतो. साधन मॅपमध्ये घालायची ओळ टर्मिनलवर छापते. ती हाताने टंकू नका, आउटपुट सरळ फाइलीत वळवा.

पुढे व्हीपीटूव्हीएफने व्हीपीएलपासून (व्हर्च्युअल फॉन्टचे वाचता येणारे रूप) पीयूएनआर८टीची व्हीएफ आणि टीएफएम तयार होतात. म्हणजे आता दोन पातळ्या झाल्या. लॅटेक ८टी (टेककडची एन्कोडिंग) वापरतो. व्हर्च्युअल फॉन्ट त्यातले प्रत्येक अक्षर ८आरमधल्या अक्षरावर नेतो. प्रिंटरला फक्त ८आर कळतो. म्हणून मॅपमध्ये ८आरचीच ओळ असते. ८टी तिथे घालू नये.

लॅटेकसाठी टी१पीयूएन डॉट एफडी ही छोटी फाइल लागते. तिच्यात घराण्याची एक घोषणा आणि प्रत्येक वळणामागे एक डिक्लेअरफॉन्टशेप असते. ‘फॉन्ट शेप अनडिफाइन्ड’ असा इशारा आला तर आधी या फाइलीचे नाव तपासा. एन्कोडिंग आणि घराणे दोन्ही लहान लिपीत, मधे काही नाही. तिरक्या वळणासाठी स्लँटफॉन्ट लावू नका, प्रिंटरमध्ये युनिव्हर्स-ऑब्लीक आहे.

चारही वळणे करायची असतील तर हे एकेक करण्यापेक्षा फॉन्टइन्स्ट बरे. तो टेकमध्येच लिहिलेला आहे. एका छोट्या फाइलीत त्याची लॅटिनफॅमिली आज्ञा ‘पीयूएन’ या नावाने दिली की व्हीपीएल, पीएल (टीएफएमचे वाचता येणारे रूप) आणि एफडी सगळे निघते. पीएलवर पीएलटूटीएफ आणि व्हीपीएलवर व्हीपीटूव्हीएफ चालवायचे राहते.

छापण्याआधी टेस्टफॉन्ट फाइलीतून ८आर आणि ८टी या दोघांचे तक्ते काढा. ‘टेक टेस्टफॉन्ट’ म्हटले की तो फॉन्टचे नाव विचारतो, मग टेबल आणि बाय या आज्ञा द्यायच्या. ८आरचा तक्ता बरोबर आणि ८टीचा चुकीचा असेल तर व्हर्च्युअल फॉन्ट पुन्हा करा. ८आरच चुकीचा असेल तर मॅप पाहा. पडद्यावर हा तक्ता पाहून काही ठरवू नका. युनिव्हर्सचे आकार फक्त प्रिंटरमध्ये आहेत, घोस्टस्क्रिप्ट दुसराच फॉन्ट दाखवणार.

हेल्वेटिका मोठा दिसतो

हा बिघाड म्हणावा का, हा प्रश्न आहे, पण तक्रार नेहमीची. टाइम्स-रोमनमध्ये लहान एक्सची उंची ४५० एकके, हेल्वेटिकात ५२३. एकाच पॉइंटला हेल्वेटिका सुमारे १६ टक्के मोठा दिसतो. हेल्व्हेट पॅकेजला नुसता ‘स्केल्ड’ पर्याय दिला की ०.९५ पट होतो. शेजारी टाइम्स असेल तर ०.९० ते ०.९२ डोळ्यांना बरे वाटते. ०.८६ने लहान अक्षरे तंतोतंत जुळतात, पण हेल्वेटिकाची कॅपिटल अक्षरे मग बुटकी दिसतात.

मेमरी संपते

‘व्हीएमएरर’ येऊन पान अर्धवट राहिले तर अंगभूत फॉन्टांचा खरा उपयोग तिथे आहे. पहिल्या लेझररायटरमध्ये दीड मेगाबाइट रॅम होती. रॉममधल्या फॉन्टांना त्यातली फारशी जागा लागत नसे. जुन्या यंत्रावर आजही हेच गणित चालते. पाठवायचे फॉन्ट कमी करा आणि मॅपमध्ये फाइलीच्या नावाआधी एकच कोनी कंस ठेवा, म्हणजे वापरलेलीच अक्षरे जातात. दोन कंस असले की अख्खा फॉन्ट जातो. शिवाय कॉन्फिग डॉट पीएसमधली ‘एम’ची ओळ पाहा. तिथे ३५००००० हा आकडा दिलेला असतो. प्रिंटरमध्ये त्याहून कमी मेमरी मोकळी असेल तर डीव्हीआयपीएस गैरसमजात राहून जास्त भरतो. त्याच फाइलीतल्या टिपणीत व्हीएमस्टेटस वापरणारा छोटा प्रोग्रॅम आहे. तो छापून मिळालेला आकडा तिथे घाला.

पीडीएफ छापखान्यात द्यायचा असेल

तेव्हा अंगभूत फॉन्टांचा नाद सोडा. छापखान्याची यंत्रे कोणते फॉन्ट बाळगतात यावर पुस्तक सोपवण्यात अर्थ नाही, आणि पीडीएफ-एक्स व पीडीएफ-ए या प्रमाणांना सगळे फॉन्ट आत भरलेले लागतात. पीडीएफफॉन्ट्स आज्ञा चालवून ‘ईएमबी’च्या स्तंभात प्रत्येक ओळीला ‘यस’ आहे का पाहा. पीएसवरून पीडीएफ करताना पीएसटूपीडीएफला प्रीप्रेसची सेटिंग द्या. टाइम्स, हेल्वेटिका, कुरियर, सिम्बल आणि झाफ डिंगबॅट्स हे १४ फॉन्ट कुठेही मिळतील असे गृहीत धरून ते न भरण्याची जुनी रीत अजून काही साधनांत टिकून आहे. पीडीएफटेकमध्ये पीडीएफटेकडाउनलोडबेस१४ ट्रू असू द्या.

पीसीएलवाले लेझरजेट

लेझरजेट ४ मध्ये (१९९२) ४५ मापबदल फॉन्ट होते, ३५ इंटेलिफॉन्ट आणि १० ट्रूटाइप. ते डीव्हीआयपीएसच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी डीव्हीआयएलजेके आहे. इथे एक सापळा आहे. एचपीच्या टॅग्ड फॉन्ट मेट्रिक फाइलींनाही टीएफएम हेच शेपूट असते, पण त्यांचा टेकच्या टीएफएमशी काही संबंध नाही. तशी फाइल टेकच्या झाडात पडली की ‘बॅड मेट्रिक’ म्हणून फॉन्ट लोड होत नाही. फाइल खरी टेकची आहे का हे टीएफटूपीएल एका क्षणात सांगतो: त्याला ती वाचता आली तरच ती टेकची.

मराठी मजकूर आणि रुपया

वर सांगितलेल्या १३, ३५ किंवा १३६ फॉन्टांपैकी एकातही देवनागरी नाही. वेल्थुइस पॅकेजने जुळवलेला मराठी मजकूर डीव्हीआयपीएसमधून जातो तेव्हा डीव्हीएनजीचे फॉन्ट फाइलीतूनच जातात. मराठी-इंग्रजी मिश्र पानात इंग्रजी प्रिंटरमधून आणि मराठी फाइलीतून अशी विभागणी होते. त्यामुळे मराठी नीट आणि इंग्रजी बिघडलेले असेल तर दोष वरच्यांपैकीच एक आहे, देवनागरीच्या फॉन्टला हात लावू नका. झीटेकने जुळवणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही, कारण तिथे फॉन्ट नेहमी पीडीएफमध्ये भरले जातात. रुपयाचे चिन्ह २०१०चे, म्हणून त्याआधीच्या कोणत्याही रॉममध्ये ते असणार नाही. टीएफरुपी पॅकेजमधून घ्या, ते स्वतःचा फॉन्ट बरोबर पाठवते आणि ‘-पी बिल्टइन३५’ दिले तरी गळत नाही.